टीव्हीतलं बदक मारलं तर पाप लागतं का?



मागच्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर एका मुलाच्या आईनं मला गाठलं. म्हणाली, "काकू, हा दिवसभर गेममध्ये गोळ्या झाडतो. रागावलं तर म्हणतो, खरं कुठं कोण मरतंय? काय सांगू त्याला?" मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. हाच प्रश्न माझ्या मुलानं तीस वर्षांपूर्वी विचारला होता आणि मी उत्तर न देता त्याच्या हातातली बंदूक हिसकावून माळ्यावर टाकली होती.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी तो खेळ आला असेल. टीव्हीला जोडायचं यंत्र, एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम आणि सोबत प्लास्टिकची बंदूक. त्यातला बदकांचा खेळ मूळचा जपानच्या निन्टेंडो कंपनीचा, 1984 सालचा 'डक हंट'. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. गवतातून बदकं उडायची आणि मुलं नेम धरायची.

ती बंदूक चालते कशी, हे मला परवा अमेरिकेत मुलाकडे गेले तेव्हा कळलं. मला वाटायचं, तिच्यातून काहीतरी किरण सुटत असेल. तसं नाही. तिच्यातून काहीच बाहेर जात नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. उजेड दिसला तर नेम बरोबर. म्हणजे गोळी बाहेर जातच नाही, उजेड आत येतो. ऐकताना मला आपला आस्रव आठवला. बाहेर काही घडो न घडो, आत यायचं ते येतंच.

आता कुणी म्हणेल, चित्रातलं बदक ते, त्याला कुठला जीव? पण यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानं बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा. रक्ताचा थेंबही सांडला नाही, तरी संकल्प मारण्याचा होता म्हणून पुढं किती भव भोगावे लागले! म्हणून तर आपल्या आया प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं घरात आणू देत नसत. आणि त्या कथेत दोष एकट्या मुलाचा नाही. बळीचा आग्रह धरणाऱ्या आईलाही त्याच्याबरोबर भव भोगावे लागले. हे आपण आयांनी विसरू नये.

डक हंटमध्ये मला सर्वांत खटकतो तो कुत्रा. बदक मेलं की तो ते उचलून दाखवतो. बदक वाचलं की तो गवतातून डोकं वर काढून मुलाला हसतो. जीव वाचला याची लाज वाटायला लावणारा खेळ आहे हा. कृत, कारित, अनुमोदना या तिन्हीतली अनुमोदना मुलाच्या मनात अशी हसतखेळत रुजते. हिंसानंदी रौद्रध्यान म्हणतात ते याहून वेगळं काय?

एवढ्यावर लेख संपवला असता. पण मुलानं मला दुसरा एक खेळ दाखवला, त्याच कंपनीचा, 1986 सालचा. नाव 'गमशू', म्हणजे गुप्तहेर. जपानमध्ये तो विकायला आलाच नाही, अमेरिकेत आला आणि तिथंही फारसा कुणाला आठवत नाही. या बंदुका आजच्या पातळ टीव्हीवर चालत नाहीत, म्हणून मुलानं जुना खोक्यासारखा टीव्ही शोधून आणलाय.

त्यात स्टीव्हन्सन नावाचा गुप्तहेर आहे. त्याची मुलगी गुंडांनी पळवली आहे आणि 24 तासांत पाच हिरे शोधून आणले तरच ती सुटेल. हा बाप चालत सुटतो, थांबत नाही. समोर खड्डा असो, पाणी असो, चालतच राहतो. त्याला वाचवायचं कसं? त्याच्यावरच नेम धरायचा. गोळी लागली की तो मरत नाही, उडी मारतो. वाणिज्य शाखेची असल्यामुळं हिशोबाकडं माझं लक्ष गेलंच. गोळ्या मोजक्या असतात आणि अंगावर येणाऱ्या वस्तूंवर त्या खर्च होतात, पण स्टीव्हन्सनला उचलताना एकही गोळी कमी होत नाही.

माझी आठ वर्षांची नात खेळत होती आणि ओरडत होती, "पडेल, पडेल! वाचला!" तीस वर्षांपूर्वी तिचा बाप ओरडायचा, "मेलं!" हातातली बंदूक तशीच, पण भाव वेगळा.

म्हणजे गमशू निर्दोष झाला का? नाही. त्यातही मारामारी आहेच. पण श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितलाय, विरोधी हिंसेचा हिशोब वेगळा मांडलाय. आपले आचार्य इतका बारीक विचार करतात, मग आपण सगळ्या खेळांना एकच काठी का लावावी?

माझं मत असं. मुलाच्या हातात काय आहे ते नंतर पाहा. आधी शेजारी बसून पाहा, की तो कशानं खूश होतो. जिवाच्या मरण्यानं खूश होत असेल, तर तो खेळ बंद करा, पण कारण सांगून. डक हंट मी आजही घरात येऊ देणार नाही. पण हिसकावणार नाही.

मुलाला मी त्या दिवसाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आई, बदकांचं मला काहीच कळलं नव्हतं. तू चिडलीस एवढंच कळलं." अहिंसा शिकवायला गेले आणि शिकवला तो माझा क्रोध. यंदा क्षमावाणीला सगळ्यांत आधी त्यालाच फोन केला.