सहल सायकलच्या वेगाने



परदेश सहलीच्या जाहिरातीत ‘शुद्ध जैन जेवण, सोबत आपला महाराज’ एवढं वाचलं की आपल्या घरात अर्धा निर्णय तिथेच होतो. पोटाची सोय झाली, आता कुठेही न्या! मग दहा दिवसांत पाच देश, रोज नवी गादी, आणि परत आल्यावर फोटो पाहून एकमेकींना विचारायचं, हे कुठलं गं?

आज माझं मत थोडं कडू लागेल, पण मांडते. जेवणाच्या खात्रीपायी आपण डोळ्यांना उपवास घडवतो. आणि ज्या नियमांचं कारण सांगून आपण बसची खिडकी सोडत नाही, ते नियम सायकलवर उलट सोपे जातात.

उदाहरणासाठी इटलीच्या उत्तर टोकाचं फिन्शगाऊ खोरं घ्या. इटालियनमध्ये त्याला वाल व्हेनोस्ता म्हणतात. आल्प्समधून उतरणाऱ्या आदिजे नदीचं हे खोरं पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आलं. त्यामुळे पाट्या दोन भाषांत आणि घरातलं बोलणं बहुतेक जर्मन. वर रेशेन खिंड सुमारे 1500 मीटर उंचीवर, खाली मेरान शहर 325 मीटरवर. मधलं अंतर साधारण 80 किलोमीटर, सायकलींसाठी वेगळी वाट आणि बराचसा उतार. मी, हे आणि माझी नणंद, तिघांनी जूनमध्ये हे अंतर तीन दिवसांत केलं. तिघांची वयं मिळवली तर दीडशेच्या वर जातात, तेव्हा पराक्रम वगैरे काही नाही.

खिंडीजवळच्या तलावात चर्चचा मनोरा उभा आहे. नुसता मनोरा, चर्च नाही. फोटोत तुम्ही पाहिला असेल. बस थांबते, मंडळी उतरतात, मनोऱ्याकडे पाठ करून हसतात, दहा मिनिटांत बस सुटते. पण तो मनोरा शोभेचा नाही. तिथे ग्राऊन नावाचं गाव होतं. विजेसाठी धरण झालं आणि 1950 मध्ये पाणी चढलं. 163 घरं आणि 523 हेक्टर शेतजमीन गेली. गावाचे धर्मगुरू गाऱ्हाणं घेऊन रोमला पोपपर्यंत गेले, पण काही उपयोग झाला नाही. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाडला नाही, म्हणून आज आपल्याला फोटो मिळतो.

सायकलची वाट याच तलावाच्या काठाने जाते. काठ संपेपर्यंत मनोरा मागे दिसत राहतो आणि आपण किती मोठ्या जमिनीच्या कडेने चाललोय हे पायांना कळतं. 523 हेक्टर हा आकडा बसमध्ये ऐकला असता तर मी विसरले असते.

खाली उतरताना उजव्या हाताला डोंगराच्या अंगावर पांढराशुभ्र मारियेनबेर्ग मठ दिसतो. बाराव्या शतकापासूनचा बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, 1340 मीटरवर. तळघरात त्याच शतकातली देवदूतांची भित्तिचित्रं आहेत. पुढे ग्लुर्न्स लागतं. शहर म्हणायचं, पण वस्ती जेमतेम हजाराच्या आत. 1499 मध्ये जवळच काल्व्हेनची लढाई झाली, गाव जळालं, आणि मग सोळाव्या शतकात त्याला तटबंदी बांधली गेली. ती आजही सलग उभी आहे. वेशीच्या कमानीतून सायकलवरून आत शिरायचं आणि दुसऱ्या वेशीतून बाहेर पडायचं. मोठी बस त्या कमानीतून जाणार कशी?

आणि वाटही कोणती? आल्प्स ओलांडणाऱ्या रोमन रस्त्याची, व्हिया क्लाउडिया ऑगस्टाची. सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ.स. 46-47 च्या सुमारास हा रस्ता पुरा झाला. खाली राबलांडला त्याचा मैलाचा दगड सापडला होता. शेजारच्या पार्चिन्स गावात पीटर मिटरहोफर नावाचा सुतार होता. त्याने 1864 मध्ये लाकडाचं टंकलेखन यंत्र बनवलं आणि पुढे सम्राटाला दाखवायला तो पायी व्हिएन्नाला गेला. ही माणसं चालण्याच्या वेगाने जगली. त्यांची गोष्ट त्याच्या जवळपासच्या वेगानेच समजते, असं मला वाटतं.

आता नियमांचं बोलू. आपले मुनी महाराज आणि माताजी वाहन वापरत नाहीत, चार हात पुढची जमीन पाहत चालतात. ईर्यासमिती आपण पाठ म्हणतो, पण आपल्याला ती कधी करून पाहायला मिळते? सायकलवर थोडी मिळते. पाऊस पडून गेला की वाटेवर गोगलगायी येतात. सायकलखाली जीव येतच नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दिसतात आणि ब्रेक दाबता येतो. बसच्या चाकाखाली काय आलं हे आपल्याला कळतही नाही.

अपरिग्रहाचंही तसंच. मागच्या दोन पिशव्यांत मावेल तेवढंच सामान. तीन ड्रेस पुरतात, हे नणंदेनेही मान्य केलं!

रात्रीभोजनाची काळजी तर करूच नका. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर चालवून सात वाजता जेवलो तरी उजेड भरपूर. फराळाला दशम्या, खाकरे, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. वाटेत फळं आणि सुकामेवा मिळतो. बाहेर खाताना विचारून घ्या. तिथल्या पावाच्या गोळ्यांत बहुधा अंडं असतं आणि अनेकदा डुकराचं मांसही. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं. आम्ही स्वयंपाकघर असलेली छोटी घरं भाड्याने घेतली आणि रोज खिचडी केली. महाराजाची गरज पडली नाही. खिचडी ह्यांनी केली, हेही लिहून ठेवते.

एक गोष्ट मात्र सायकलवरूनच टोचली. खोऱ्याच्या खालच्या भागात सफरचंदांच्या बागा लागतात. लांबून हिरव्यागार, सुंदर. जवळून जाताना सिमेंटचे खांब, तारा, जाळ्या आणि औषध फवारणारी यंत्रं दिसतात. आपण फळाला सर्वांत निर्दोष आहार मानतो. कंदमूळ टाळतो, पण चकचकीत सफरचंदावर किती फवारण्या झाल्या हे विचारत नाही. याच खोऱ्यातल्या माल्स गावाने तो प्रश्न विचारला. 2014 मध्ये तिथे रासायनिक कीटकनाशकांवर बंदी घालावी का यावर गावाचं मतदान झालं आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे 75 टक्के लोक बंदीच्या बाजूने उभे राहिले. पुढे न्यायालयात ती बंदी टिकली नाही. तरी शेजारच्या बागेतलं औषध आपल्या अंगणात येतं, ही तक्रार गावाने मतपेटीपर्यंत नेली, याचं मला फार मोल वाटतं. अहिंसेवर प्रवचनं ऐकणाऱ्या आपल्यापैकी किती जणींनी भाजीवाल्याला असा एक प्रश्न विचारलाय?

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत. गुडघे दुखतात? बॅटरीची सायकल भाड्याने मिळते. दम संपला? माल्स ते मेरान 60 किलोमीटर रेल्वे आहे. 1906 मध्ये सुरू झालेली ही गाडी नव्वदच्या सुमारास बंद पडली आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू केली गेली. मधूनमधून कामासाठी ती बंद असते, तेवढं निघण्याआधी पाहून घ्या. एका स्टेशनवर सायकल घेऊन दुसऱ्या स्टेशनवर परतही करता येते.

सर्वांत खरी शंका माझ्या मुलीने काढली. विमानाने हजारो किलोमीटर जायचं, एवढं इंधन जाळायचं, आणि तिथे सायकल चालवून अहिंसा म्हणायचं? तिचं बरोबर आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन, जायचंच असेल तर क्वचित जावं आणि एका जागी राहावं. दिग्व्रतात आपण दिशांची मर्यादा घालतोच ना? पाच देशांऐवजी एक खोरं, ही त्याच वळणाची मर्यादा आहे.

पुढची सहल ठरवताना जेवणाचा तक्ता जरूर मागा. त्याच फोनवर हेही विचारा, या गावात आम्ही किती तास थांबणार? उत्तर ‘फोटोपुरतं’ असेल, तर ते पैसे राखून ठेवा आणि घरच्या माणसांना सायकलवर बसायची सवय लावा.