बापाला उपचार मिळाले, लेकीचं काय?

चौथीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी ती मुलगी रोज दुसऱ्या तासाला पेंगायची. सुरुवातीला मी रागावले. मग एकदा मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, "काय गं, रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघतेस का?"

"न्हाई बाई. पप्पा आलं की आमी मारुतीच्या देवळात जातो. त्ये झोपलं की घरी येतो."

शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखं सहज सांगितलं तिने. माझ्याच घशात आवंढा आला.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट. मी तिथे शाळेत शिकवत होते. आई डाळिंबाच्या बागेत रोजाने जायची. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, शुद्धीत असला की लाख माणूस. एका आषाढात तुकोबांची पालखी आली, तेव्हा बेलवडीच्या रिंगणात त्याने माळ घातली. घरात पुरणपोळी झाली. पण कार्तिकी यायच्या आत माळ खुंटीला लागली. शेवटी मुलीच्या मामाने उसनवारी करून त्याला पुण्याकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभरासाठी ठेवलं. गावात सगळ्या बायका म्हणाल्या, "सुटली बिचारी." मीही म्हणाले.

आणि त्याच महिन्यात मुलगी शाळेत यायची बंद झाली.

घरी गेले, तर ही दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन चुलीपुढे. बापाची कमाई बंद, वर केंद्राचा खर्च, म्हणून आई सकाळी एका रानात आणि दुपारून दुसऱ्या. धाकट्याला कोण बघणार? बापाच्या उपचाराची किंमत लेकीने शाळा बुडवून भरली! मी आईला विचारलं, "केंद्रात मुलांची चौकशी केली का कुणी?"

"केली की. कवापासून पितो, किती पितो, कर्ज किती, मारतो का, समदं लिवून घ्येतलं. पोरं किती, त्ये बी लिवलं. पोरं कशी हायेत, त्ये काय कुनी इचारलं न्हाई."

मी म्हटलं, "१०९८ ला फोन करू या, मुलांसाठीच आहे तो." तिने माझा हात घट्ट धरला. "नगं बाई. पोरं घिऊन जातील."

मी फोन केला नाही. शिक्षिका असूनही केला नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. ही बोच आजही आहे.

पुढे निवृत्तीनंतर बारामतीच्या एका ओळखीच्या आजींबरोबर मुलांच्या कामाच्या एका कार्यालयात गेले. मुलगा दारूपायी घर सोडून गेलेला, सून माहेरी, नातू आजीकडे. तिथे कागदपत्रं विचारली. मग विचारलं, "वसतिगृहात ठेवायचाय का?" पण मुलाचा बाप कुठे आहे, त्याच्यावर उपचार होतील का, तो सुधारून परत आला तर पुढे काय, हे कुणीच विचारलं नाही. केंद्राला बाप दिसतो, पोरं दिसत नाहीत. इथे पोर दिसतं, बाप दिसत नाही. घर मात्र एकच असतं ना हो?

असं का होतं? माणसं वाईट आहेत म्हणून नव्हे. मुलांचं काम महिला व बालविकास खात्याकडे. व्यसनमुक्तीचं काम सामाजिक न्याय आणि आरोग्य खात्याकडे. फोन नंबरही वेगळे : मुलांसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन खाती, दोन फाइली, आणि त्यांच्यामध्ये निरोप्या कोण, तर पिशवीत आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन हिंडणारी ती बाई. इंदापूरहून पुणं सव्वाशे किलोमीटरच्या वर. एका हेलपाट्यात एक दिवसाचा रोज बुडतो.

आता "पोरं घेऊन जातील" या भीतीबद्दल. मैत्रिणींनो, मी नंतर कायदा समजून घेतला. बाल न्याय कायदा २०१५ चा. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यातली निदान एक तरी बाई असावीच लागते. ज्या मुलाचे आईबाप त्याला सांभाळायला असमर्थ आहेत, ते मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' ठरू शकतं. पण त्याच कायद्यात असंही लिहिलंय, की मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी घराची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा. त्यात दारू आणि नशेमुळे येणारा मानसिक विकार आजारातच धरला आहे. बाईवर उपचार चालू असतील तर तिच्या तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो तिच्यापासून तोडू नये, असंही त्यात आहे. कायद्याला कळलंय की आजारी माणूस आणि त्याचं लेकरू वेगळं काढता येत नाही. आपल्या टेबलांना ते अजून कळायचंय.

हा चार-दोन घरांचा प्रश्न नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभरच्या पाहणीचा अहवाल काढला. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात, असं त्यात निघालं. दाखल होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला. म्हणजे केंद्राच्या दारापर्यंत पोचलेलं घर हे नशीबवान घर. मग त्याच दारात त्या घरातल्या पोरांची विचारपूस व्हायला नको?

अशक्य काही नाही यात. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो, कारण आजार एकट्याचा नसतो, हे त्यांनी ओळखलं. लंडनमध्ये २००८ पासून एक वेगळंच कोर्ट सुरू झालं. व्यसनामुळे मुलं दुरावायची वेळ आलेल्या आईबापांना तेच न्यायाधीश दर पंधरवड्याला भेटतात. उपचारांचे आणि मुलांचे जाणकार एकाच चमूत असतात. उपचार कसे चाललेत आणि मूल कसं आहे, हे एकाच खोलीत बोललं जातं.

आपल्याला लंडन नको. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. महिन्यातून एक दिवस व्यसनमुक्तीचा समुपदेशक आणि बाल संरक्षणाचा माणूस तिथे एका टेबलाशी बसू देत. केंद्रात भरती करून घेताना फॉर्मवर दोन ओळी वाढू देत : मुलं रात्री कुठे झोपतात? या महिन्यात त्यांना कोण बघणार? आणि बाप घरी सोडायच्या दिवशी गावच्या अंगणवाडीताईला, नाहीतर ग्राम बाल संरक्षण समितीला एक फोन. राज्याची बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये. आईबापाच्या गंभीर आजारपणात ती मुलांना मिळू शकते. मग दारूने अंथरुणाला खिळलेला बाप गंभीर आजारी नाही का? हे समितीपुढे कुणीतरी ठामपणे मांडायला हवं. ते त्या आईवर का सोडायचं?

"मग सगळ्या गावाला कळेल की," असं कुणी म्हणेल. रास्त आहे. म्हणून आईला विचारूनच, आणि गरजेपुरतंच सांगायचं. कोण किती पितो ते नको. या घरातल्या दोन लेकरांकडे महिनाभर लक्ष द्या, एवढंच. अपवाद एकच. मूल मार खात असेल, त्याच्या अंगाला कुणी हात लावत असेल, त्याच्या हाती बाटली दिली जात असेल, तर तिथे परवानगी नाही नि भीडही नाही. मुलाला दारू देणाऱ्याला, त्याच्याकडून ती विकून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तेव्हा सरळ १०९८. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा नंबर २०२३ पासून सरकारच चालवतं, आणि तो रात्रीही लागतो.

मध्यंतरी इंदापूरच्या एसटी स्टँडवर ती मुलगी भेटली. आता कॉलेजला आहे. वाकून पाया पडली. वडील दोनदा घसरले, पण आता दोन वर्षं थेंबाला शिवले नाहीत म्हणाली. मला फार बरं वाटलं. "मग आता झोप नीट लागते ना गं?" मी हसत विचारलं.

ती हसली नाही. म्हणाली, "बाई, मी अजून दाराकडं तोंड करूनच झोपते. उशाशी चप्पल ठेवून."

बापाचा उपचार झाला. हिचा कधी सुरूच झाला नाही. पुढच्या वेळी गल्लीतल्या एखाद्या घरातला माणूस केंद्रात गेल्याचं कळलं, तर 'सुटली बिचारी' म्हणून आपल्या कामाला लागू नका. त्या घरी जा. पोरं जेवली का, शाळेत गेली का, रात्री झोपतात का, एवढं विचारा. मी त्या वेळी आईला विचारलं, पण मुलीला विचारलं नाही. तुम्ही मुलीलाही विचारा.