गाडीला पडवी लावताना

नाशिकच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "यजमान निवृत्त झाले. त्यांनी एक व्हॅन घेऊन तिच्यात झोपण्याजेवण्याची सोय करायला टाकली आहे. बाहेरच्या अंगाला उन्हापावसासाठी छत बसवायचे म्हणतात. कोणते घ्यावे? खर्च वाया तर जाणार नाही ना?"

वाया मुळीच जाणार नाही! व्हॅनमध्ये दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरच थांबायचे. छत उघडले की भाजी चिरायला, चपला काढायला, पत्ते कुटायला ऐसपैस जागा होते. कोकणातल्या घराला पडवी, तशी ही गाडीची पडवी. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा सहलींना निघणाऱ्या इतर भगिनींनाही ही माहिती उपयोगी पडावी.

छताचे मुख्य प्रकार तीन. पहिला, गाडीच्या कडेला अडकवून पुढे दोन खांबांवर ताणायचे साधे कापड. स्वस्त, हलके, पण दर वेळी बांधाबांध करावी लागते. दुसरा, लांबट पेटीत गुंडाळलेले आणि हाताच्या दांड्याने फिरवून उघडायचे छत. पाच मिनिटांत काम होते. मात्र ते महाग आणि जड. गाडीचा टप ते वजन पेलेल ना, हे कारागिराला आधी विचारा. तिसरा, गाडीला जोडायचा तंबू. तो जागेवर ठेवून गाडी बाजारात नेता येते. एकाच जागी चार दिवस मुक्काम असेल तरच तो परवडतो. रोज नवे गाव करणार असाल, तर दुसरा प्रकार बरा.

कापड हाताळून बघा. प्लास्टिकचा लेप दिलेले कापड पुसले की स्वच्छ; पण खालून त्याला घाम सुटतो. ॲक्रिलिकचे कापड हवा खेळती ठेवते, त्याचा रंगही उन्हात लवकर विटत नाही. सुती कॅनव्हास गारवा देतो, पण वाळता वाळत नाही.

माप घेताना टेप घेऊन स्वतः उभ्या राहा. सरकता दरवाजा पूर्ण उघडून बघा, मागचे दार वर करून बघा. छत डाव्या बाजूलाच बसवा, म्हणजे उतरताना पाय रहदारीच्या रस्त्यावर पडणार नाही. आणि गाडीतल्या फेरफारांबद्दल आर.टी.ओ.मध्ये विचारणा करालच, तेव्हा छताचेही विचारून घ्या.

आता वापराचे. पुढचा एक खांब दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी एका कोपऱ्यातून पागोळीसारखे गळून जाईल. नाहीतर मध्ये पोट सुटते. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटीमीटर पाणी साचले, तर ते १०० किलो भरते! कसले खांब टिकणार? तणावे बांधून मेखा ठोका. वाळूत मेखा धरत नाहीत. तिथे पिशव्या वाळूने भरून, दोरी बांधून पुरा.

गाडी अशी लावा की वारा तिच्या पाठीवर येईल आणि छत आडोशाला राहील. पण समुद्रकाठी दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे, म्हणजे दिशा उलटी होते हं! म्हणून झोपण्यापूर्वी किंवा सगळे फिरायला निघाल तेव्हा छत गुंडाळलेच पाहिजे. वारा वाढला तर जेवण अर्धे टाकून आधी छत गुंडाळा.

ओले छत गुंडाळावे लागले, तर दुसऱ्या दिवशी उघडून खडखडीत वाळवा. तसेच राहिले तर कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात आणि ते जन्मात जात नाहीत. धुताना मऊ ब्रश, कोमट पाणी, सौम्य साबण. ब्लीच किंवा कपड्यांची पावडर नको. त्याने कापडाचा पाणी अडवण्याचा गुण जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका मे महिन्यात आम्ही भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. संध्याकाळी बाहेर कोळशाच्या सिगडीवर बांगडे भाजले, तोच वळीव आला. तिन्ही बाजूंनी कनाती सोडल्या. नातू भिजून कुडकुडत होता. मीच म्हटले, "निखारे विझतच आलेत, घ्या आत, तेवढीच ऊब." अर्ध्या तासात माझे डोके जड झाले. नातू म्हणाला, "आजी, मळमळतंय गं." मला वाटले, दिवसभर ऊन लागले असेल. सूनबाई गाडीतून खाली उतरली, तिने सिगडी पाहिली आणि एक शब्द न बोलता कनात वर फेकली. आम्हा सगळ्यांना भर पावसात बाहेर ओढले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होते.

विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येत राहतो. त्याला ना वास, ना रंग. कापडाची फट असली की पुरे, असे मुळीच समजू नका. सिगडी, गॅसची शेगडी, शेकोटी, यांतले काहीही कनातीच्या आत आणायचे नाही. पाऊस आला तर चिवडा खा! या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र मिळते, तेही गाडीत लावा. एकाच वेळी दोघातिघांचे डोके दुखू लागले, मळमळले, तर पहिल्यांदा सर्वांना मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

तेव्हा भगिनी, पडवी अवश्य लावा. चूल मात्र पडवीच्या बाहेर, उघड्या आभाळाखाली. एवढे यजमानांना बजावून सांगा, आणि माझ्यासारख्या हौशी आजीबाई बरोबर असतील तर त्यांनाही!