शाळा किती मिनिटांवर?

"तुझी शाळा घरापासून किती लांब आहे रे?" असं कुणी विचारलं तर काय सांगाल? बरेच जण म्हणतील, "ही काय, इथेच तर आहे." एखादा हुशार सांगेल, "एक किलोमीटर." पण पायी जाणाऱ्याला किलोमीटर घेऊन काय करायचंय? त्याला हवी असतात मिनिटं!

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात पोंतेवेद्रा नावाचं शहर आहे. वस्ती साधारण ८०,०००, म्हणजे आपल्या जालन्यापेक्षा बरंच लहान. १९९९ साली तिथे मिगेल आंशो फर्नांदेस लोरेस हे डॉक्टर महापौर झाले. शहराच्या मधल्या भागात गाड्यांची इतकी गर्दी असायची की चालायला जागाच नव्हती. महापौरांनी त्या भागातून गाड्यांची ये-जा जवळजवळ बंदच करून टाकली. पुढे २०११ मध्ये तिथे एक मजेशीर नकाशा निघाला. नाव 'मेट्रोमिनुतो'. दिसायला थेट मेट्रो रेल्वेच्या नकाशासारखा, रंगीत रेघा आणि गोल गोल स्टेशनं. पण त्या गावात मेट्रो नाहीच मुळी! बाजारापासून स्टेशन, शाळेपासून बाग, पायी किती मिनिटं लागतात तेवढंच त्यावर लिहिलेलं. लोक बघतात आणि म्हणतात, "अरेच्चा, एवढंच अंतर? मग गाडी कशाला काढायची?"

आता असा नकाशा अंकुशनगरचा काढला तर?

अंकुशनगर हे अंबड तालुक्यातलं, समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. प्रवरानगर, वारणानगर ही त्याचीच भावंडं. कारखान्याभोवती वसलेल्या अशा गावांत कॉलनी, शाळा, दवाखाना, बँक, किराणा दुकान एकमेकांना धरून असतात. चालायला याहून सोयीचं गाव कुठलं? तरीही चहापत्तीची पुडी आणायला बाबा गाडीला किक मारतात आणि शाळेत सोडायला आई स्कूटीच काढते. आळस म्हणाल, तर थोडासा आहेही. पण खरं कारण आहे मधला रस्ता.

दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू झाला की कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहून बघा. बैलगाड्या, ट्रक आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. ट्रॅक्टरला ब्रेक असतात, पण मागच्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? कॉलनीतल्या मुलांना निदान घराला कुंपण तरी असतं. ऊसतोड कामगारांची मुलं त्या चार-पाच महिन्यांत रस्त्यालगतच्या कोप्यांमध्ये राहतात. त्यांचं अंगण म्हणजे तोच रस्ता.

जरा गणित करू. समोर मूल दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला ड्रायव्हरला एक सेकंद लागतो असं धरा. ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. वेग ६० केला तर? दुप्पट, म्हणजे २६ मीटर म्हणाल. चूक! ३६ मीटरच्या आसपास लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. म्हणून शाळेसमोरचा गतिरोधक ही चेष्टेची गोष्ट नव्हे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

"पण आम्ही मुलं काय करणार?" असं म्हणू नका हं. हॉलंडमध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यावर ४०० हून जास्त मुलं दगावली होती. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या 'द पैप' या दाट वस्तीतल्या मुलांनी खेळायला रस्ता हवा म्हणून घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि स्वतःच अडथळे लावून गल्ली अडवली. चिडलेल्या मोटारवाल्यांनी ते अडथळे उचलून फेकले, मुलांनी पुन्हा लावले! त्याच सुमारास पालकांनी 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी केली. १९७६ साली तिथे कायदाच झाला. ठरावीक वस्त्यांमधून गाडी चालवायची तर माणूस चालतो त्या वेगाने, असा.

आपल्याकडेही नियम आहेत बरं का. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत पदपथावर चालायला निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा सांगितली आहे. म्हणजे दोन मैत्रिणी हात धरून चालल्या तरी समोरून येणाऱ्या आजोबांना खाली उतरावं लागू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर म्हटलं की पदपथ वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तर या रविवारी मोठा कागद घ्या. मध्ये शाळा काढा. मग खरोखर चालत जाऊन घड्याळ लावा: दवाखाना, बसथांबा, किराणा, मैदान, मित्राचं घर. एकदा स्वतःच्या चालीने आणि एकदा आजीबरोबर. दोन्ही आकडे लिहा. आजीचाच जास्त महत्त्वाचा! जिथे रस्ता ओलांडताना थांबावं लागलं, जिथे खड्डा, उघडं गटार, बंद दिवा दिसला, तिथे लाल खूण करा. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. (शाळेत "डावीकडून चाला" शिकवलं असेल, पण ते वाहनांसाठी ठीक आहे.) मोठा रस्ता मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊनच ओलांडायचा.

नकाशा झाला की आणखी एक गोष्ट शोधून काढा: लाल खुणेचा रस्ता कुणाचा? ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की कारखान्याचा? अर्ज चुकीच्या दारात गेला की तो महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो. ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. झेंडावंदनाला तर तुम्ही जाताच. त्या दिवशी नकाशाची गुंडाळी बरोबर असू द्या, आणि एखाद्या मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, की सभेत तो सर्वांना दिसेल असा धरायचा आहे.