झूम केलं म्हणून काय दिसतं?

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये ‘सीआयडी’ लागलं की दोन पार्ट्या पडतात. एक बघते, दुसरी चुका काढते. मी दुसऱ्या पार्टीतला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, माझ्या चुका मात्र कृपया काढू नयेत.) मागच्या शॉटमधला भरलेला ग्लास पुढच्या शॉटमध्ये अर्धा, प्रेताचं पोट हलतंय, साक्षीदार बाईंच्या गळ्यातलं लॉकेट मधेच गायब! असं काही दिसलं की आम्ही ओरडणार आणि पहिल्या पार्टीकडून उशी खाणार, हे ठरलेलं.

खरं सांगायचं तर या चुकांबद्दल माझी तक्रार नाही. शूटिंग काही गोष्टीच्या क्रमाने होत नसतं. एका खोलीतले सगळे सीन एकदम उरकतात, मग ग्लासात पाणी किती होतं हे कुणीतरी लक्षात ठेवायचं. १९९८ ते २०१८ ही मालिका चालली, दीड हजारांवर भाग झाले, डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. शिवाय याच मंडळींनी ७ नोव्हेंबर २००४ ला १११ मिनिटांचा एक भाग एकाच शॉटमध्ये दाखवला होता. कटच नाही तर ग्लास बदलणार कधी? त्यांचं पाणी मोजणारे आपण कोण! आपल्या लॅब जर्नलमधली रीडिंग्ज पान उलटताना कशी बदलतात, ते सरांना विचारा.

डोकं फिरतं ते दुसऱ्या प्रकारच्या चुकांनी. डॉ. साळुंखे पोस्टमॉर्टेमही करणार, विषही ओळखणार आणि जाहिराती संपायच्या आत डीएनए रिपोर्टही देणार. प्रत्यक्षात पोस्टमॉर्टेम हॉस्पिटलमधले डॉक्टर करतात, व्हिसेरा सीलबंद होऊन कलिनासारख्या सरकारी लॅबमध्ये जातो आणि रिपोर्टची वाट बघावी लागते. बरं, हेही चालवून घेऊ.

पण सीसीटीव्ही? धूसर फूटेज, कुणीतरी झूम करायला सांगतं, दोन कळा दाबल्या की चेहरा लख्ख. अहो, कॅमेऱ्याने तो चेहरा १० बाय १२ पिक्सेलमध्ये टिपला असेल, तर तुमच्याकडे फक्त १२० ठिपके आहेत. झूम केल्यावर ते मोठे होतात, वाढत नाहीत. मधल्या जागा सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतं. हल्लीचं एआय तर अख्खा चेहरा रचून देतं, फक्त तो कुणाचा हे विचारायचं नाही.

हे सगळं मला येतं. तरी मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधून एक लॅपटॉप गेला, तेव्हा रेक्टर सरांच्या ऑफिसात स्क्रीनपुढे उभा राहून “सर, झूम करा ना” म्हणणारा मीच होतो. झूम केलं. एक करडा डाग जिना उतरत होता. मेसमध्ये वाढणाऱ्या मुलाचा शर्ट असाच आहे, कुणीतरी म्हणालं. मला तो दिसायलाही लागला. मी मान डोलावली. त्याला बोलावून त्याची पेटी सगळ्यांसमोर उघडायला लावली. दोन शर्ट, एक टॉवेल, दहावीचं मार्कशीट.

चौथ्या दिवशी लॅपटॉप सापडला. ज्याचा होता त्याच्याच मित्राने प्रोजेक्टसाठी नेला होता. सांगायचं राहिलं म्हणे.

तो मुलगा अजून मेसमध्येच आहे. बाकीच्यांना “अजून एक?” असं विचारतो. माझ्या ताटात न विचारता पोळी टाकतो आणि पुढे जातो. दोनदा बोलायला म्हणून थांबलो, पण मागे लाइन असते.