हिलांदार : मठ, राजसत्ता आणि दप्तर

प्रस्तुत अंकाचा विषय ग्रीसमधील आथोस पर्वतावरचा हिलांदार हा सर्बियन ऑर्थोडॉक्स मठ आहे. राजपदाचा त्याग करून भिक्षू झालेला स्टेफान नेमान्या आणि त्याचा पुत्र साव्हा यांनी 1198 मध्ये जुन्या, ओसाड मठाचा जीर्णोद्धार केला आणि बायझंटाईन सम्राट तिसरा अलेक्सिओस याने ‘क्रिसोबुल’, म्हणजे सुवर्णमुद्रांकित सनद, देऊन त्याची स्वायत्तता मान्य केली. साव्हाने मठासाठी ‘तिपिकोन’, म्हणजे उपासना व दैनंदिन आचाराची नियमावली, सिद्ध केली; पुढे सर्बियन राजा मिलुतिनने मुख्य चर्च नव्याने उभारले आणि उस्मानी अमलातही मठ टिकून राहिला.

ज्या महाराष्ट्रात नाशिकच्या लेण्यांतील सातवाहन लेख भिक्षूंना दिलेल्या भूदानाची नोंद जपतात, तेथील वाचकांना धर्मसंस्था, जमीन आणि राजसत्ता यांचा हा संबंध अपरिचित वाटणार नाही. 2004 च्या आगीत हिलांदारच्या इमारतींचा मोठा भाग भस्मसात झाल्यामुळे, असा वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्नही आज तितकाच निकडीचा ठरतो.

म्हणूनच आमच्या संपादक मंडळाने या अंकात श्रद्धेच्या गौरवापेक्षा सनदा, हस्तलिखिते, भित्तिचित्रे आणि जमिनीचे व्यवहार यांवर भर दिला आहे. आपल्या परिसरातील मठ-देवस्थानांच्या दप्तरांविषयीची माहिती आणि या मांडणीवरील मतभेद वाचकांनी अवश्य कळवावेत; पुढील अंकात त्यांचा साक्षेपाने परामर्श घेतला जाईल.