बाईक ‘गँग’ची रील व्हायरल झाली, तर दंड कुणाला?

पावसाळ्यात माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरकडे बाईकचे ताफे निघतात. सोबत सायलेन्सरचे ‘फटाके’ आणि ‘गँग’च्या नावाच्या रील्स. जुन्नर-आंबेगावच्या पालकांना हा पोरखेळ वाटत असेल, तर कायदा काय म्हणतो ते वाचा.

ही ‘गँग’ येते कुठून?
जपानी ‘अकिरा’ (१९८८) या अ‍ॅनिमेपटातली बाईक गँग जगभर गाजली. तिच्यामागे खऱ्या टोळ्या होत्या. त्यांना ‘बोसोझोकू’ म्हणत. १९८२ मध्ये त्यात ४२ हजारांवर तरुण होते. टोळीने धोकादायकरीत्या गाड्या चालवणं हा तिथे १९७८ पासूनच गुन्हा आहे.

आपल्याकडे काय?
मोटार वाहन कायद्यात टोळीसाठी वेगळं कलम नाही. कारवाई होते ती एकेकावर:

• सायलेन्सरमध्ये बेकायदा बदल: गाडीमालकाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद
• आवाजाची मर्यादा ओलांडली: पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, शिवाय ३ महिने लायसन्ससाठी अपात्र
• रस्त्यावर शर्यत: पहिल्या वेळी ५ हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद

मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर?
त्याने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकांनाच सिद्ध करावं लागतं.

आणि रीलमध्ये चेहरा, नंबरप्लेट, आवाज सगळंच असतं. म्हणजे पुरावा पोरं स्वतःच अपलोड करतात.